अजिंठ्याची वाट कोणासाठी?

१/ अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात एका हत्तीची कथा रंगवलेली आहे. त्याची आई अंध. राजाची माणसे त्याला पकडून नेतात, तेव्हा तो चाऱ्याला सोंडही लावत नाही. आईला कोण भरवणार, हीच त्याची चिंता. अखेर राजा त्याला मुक्त करतो. हे मातृपोषक जातक. अंध आईवडिलांची सेवा करणाऱ्या श्यामाची कथाही याच लेण्यात आहे.

२/ पाचव्या शतकात वाकाटक सम्राट हरिषेणाच्या एका मांडलिक राजाने हे लेणे कोरवून घेतले. त्याचा ऋषिक देश म्हणजे आजचा खान्देश, असे अभ्यासक मानतात.

३/ जळगावहून अजिंठा सुमारे ६० किलोमीटर. जळगाव-धुळ्याच्या कुटुंबांची ही एका दिवसाची सहल. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवायची, पुढचे सुमारे ४ किलोमीटर बसने जायचे. मग पायऱ्या लागतात आणि चाकाची खुर्ची तेथेच अडते.

४/ पुढे उपाय डोलीचा : दांड्यांना बांधलेली खुर्ची आणि चार खांदे. डोलीने माणूस वर पोहोचतो. परंतु एखाद्या चित्रापुढे मनसोक्त रेंगाळण्याचे स्वातंत्र्य त्याला क्वचितच लाभते.

५/ ‘प्राचीन वारशात बदल कसा करणार?’ हा आक्षेप नेहमीचा. उत्तर इतिहासातच आहे. मुळात लेण्यांना जोडणारी सलग वाट नव्हतीच. वाघूर नदीच्या पात्रातून बहुतेक लेण्यांकडे स्वतंत्र जिने चढत. ते आता जवळपास नष्ट झाले आहेत. आपण चालतो ती वाट विसाव्या शतकातली. पर्यटकांच्या सोयीसाठी वारशाभोवती बदल एकदा झालेलाच आहे. प्रश्न एवढाच, की ‘पर्यटक’ म्हणून कोणाला गृहीत धरले गेले?

६/ २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक स्थळे सुगम करणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले. सुगमतेचे निकष निव्वळ शिफारसवजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावले.

७/ तोवर जाणाऱ्यांनी सोमवार टाळावा, लेणी बंद असतात. डोलीचा दर, थांबण्याचा वेळ आधीच ठरवावा. सारी लेणी पाहण्याचा हट्ट नको. १, २, १६, १७ पुरेत. दृष्टिहीन सोबत्याला भिंतीवरची कथा सावकाश सांगावी.

८/ दीड हजार वर्षांपूर्वी खान्देशच्या एका राजाने अंध मातेची आणि तिच्या सांभाळकर्त्याची कथा भिंतीवर आणली. त्या दोघांना त्या भिंतीपर्यंत नेणारी वाट मात्र अजून बांधायची आहे.