महावीराचार्यांचा 'निरुद्ध'



ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, आपण शास्त्रांना नवे वेष्टन घालतो, अक्षता वाहतो आणि ती पुन्हा कपाटात ठेवतो. त्या वेष्टनात गणितही आहे, हे मला फार उशिरा कळले.

षट्खंडागमावरची वीरसेन आचार्यांची धवला टीका मूडबिद्रीला ताडपत्रांवर होती. शतकानुशतके तिचे फक्त दर्शन घडे. डॉ. हीरालाल जैन यांनी तिचा पहिला भाग १९३९ साली छापून काढला, तो आपल्या अमरावतीहून! त्या टीकेत 'अर्धच्छेद' येतो. ३२ ची निम्मे-निम्मे करत गेलो तर पाच वेळा होते, म्हणून ३२ चे अर्धच्छेद पाच. म्हणजे ३२ मध्ये २ हा अवयव पाच वेळा आहे.

वीरसेनांचे शिष्य जिनसेन हे राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे गुरू. त्याच राजाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. गणित कुठे कुठे लागते हे सांगताना त्यांनी पाकशास्त्रही सोडलेले नाही!

अपूर्णांकांच्या बेरजेसाठी त्यांनी 'निरुद्ध' सांगितला. तोच आपला लसावि. रीत अशी: छेदांतले सामाईक अवयव बाहेर काढा आणि त्यांना उरलेल्या भागांनी गुणा.

५/१२ आणि ७/१८ यांची बेरीज करू.
१२ = २ × २ × ३
१८ = २ × ३ × ३
सामाईक २ × ३ = ६. हा मसावि. उरले २ आणि ३. म्हणून निरुद्ध ६ × २ × ३ = ३६.
बेरीज १५/३६ + १४/३६ = २९/३६.

नुसता छेदाला छेद गुणला असता तर २१६ आले असते आणि उत्तर १७४/२१६. मग पुन्हा संक्षेप द्या! आज शाळेत मूळ अवयव पाडून करतात ते हेच.

मसावि तर पूजेच्या ताटातही आहे. १२ बदाम आणि १८ लवंगा आहेत, काही उरू न देता सारखी ताटे लावायची. जास्तीत जास्त ६ ताटे होतील, प्रत्येकात २ बदाम, ३ लवंगा. वर उरलेले २ आणि ३ तेच!

मी कॉमर्स शिकले, लसावि शेकडो वेळा काढला, पण हे नाव मला कोणी सांगितले नाही. ग्रंथ दडलेला होता असेही नाही. १९१२ मध्ये मद्रासहून इंग्रजी भाषांतरासह आणि १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाकडून हिंदी अनुवादासह तो निघाला आहे. आचार्यांनी लिहिले, विद्वानांनी छापले. उघडायचे तेवढे आपणच राहिलो.

येत्या श्रुतपंचमीला अक्षता वाहून झाल्या की एक पान वाचू या. आणि नातवंडे लसाविला कंटाळली, तर त्यांना 'निरुद्ध' हे नाव सांगू या.