उकिरड्यावरची भांग

सज्जन घरात एखादा दिवटा निघाला की आपण म्हणतो, तुळशीत भांग उगवली. पण भांगेला कोणी विचारलंय का, की बाई तुला तुळशीवृंदावनात यायचंय तरी का? माझ्या मते तिला उकिरडाच बरा वाटत असावा.

१९२४ साली रशियातल्या सारातोवच्या यानिशेव्स्की या वनस्पतिशास्त्रज्ञाने पडीक जागी माजलेल्या भांगेला वेगळी जात मानून नाव दिलं: कॅनाबिस रुडेरालिस. लॅटिनमध्ये 'रुडेरा' म्हणजे राडारोडा. (आज बरेच शास्त्रज्ञ हिला वेगळी जात मानत नाहीत, पण नाव चिकटलं ते चिकटलं.) शेतातल्या भांगेपुढे हे झाड अगदीच बुटकं. बी पिकलं की लगेच गळतं. शेतकऱ्याला हे परवडणारच नाही, कापणीआधी सगळा माल जमिनीवर! पण रानात तेच शहाणपण. आणि फुलायला ती दिवस लहान व्हायची वाट बघत नाही, ठरावीक वय झालं की फुलते. तिकडचा उन्हाळा असतोच केवढा? आजच्या 'ऑटोफ्लॉवर' वाणांत हा गुण हिच्याकडूनच आला. नशा मात्र यथातथाच.

मला सगळ्यात आवडली ती किडीची गोष्ट. या बियांच्या बुडाशी एक स्निग्ध भाग असतो आणि त्यासाठी लाल ढेकूण गोळा होतात. आपल्या कपाशीवर पडणाऱ्या लाल ढेकणाचे हे चुलतभाऊ. आपण लगेच फवारणीचा पंप काढला असता. यानिशेव्स्की बघत बसला, आणि त्याला दिसलं की हे ढेकूण बी ओढून दुसरीकडे नेतायत. कीड कसली, फुकटातली कुरिअर सर्व्हिस!

त्याच दशकात निकोलाय वाविलोवलाही ही रानभांग भटक्यांच्या तळांजवळ, शेणकचऱ्यावर वाढताना दिसली. त्याचं म्हणणं, माणसाने भांग शोधली नाही, तीच त्याच्या कचऱ्यामागे आली. पेरणी नंतरची.

हा वाविलोव १९१७ ते १९२१ सारातोवलाच प्राध्यापक होता. पुढे त्याने जगभरातून पिकांचं बियाणं जमवलं. मग लिसेंकोशी वाकडं आलं, १९४० मध्ये अटक झाली आणि जानेवारी १९४३ मध्ये तो सारातोवच्याच तुरुंगात उपासमारीने खंगून मेला. लेनिनग्राडला वेढा पडला होता तेव्हा त्याचे काही सहकारीही भुकेने गेले, त्याने जमवलेल्या बियाण्याची राखण करत. बी त्यांनी खाल्लं नाही.