घरभाड्याची मदत: वरळीच्या चाळींपासून भाडे-व्हाउचरपर्यंत

बंगळुरूच्या नकाशावर एचएसआर लेआउट शोधा. होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या मधला हा भाग. नावही त्या दोन रस्त्यांवरूनच पडले आहे. बंगळुरू विकास प्राधिकरणाने आखलेले सात सेक्टर, सरळ रस्ते, बागा. पुण्या-नागपूरकडची कितीतरी मुले इथे नोकरीला आहेत. त्यांच्या घरची धुणीभांडी करणाऱ्या बाया, दारावर रात्रपाळी करणारे रखवालदार आणि नव्या इमारतींवर काम करणारे मजूर मात्र सहसा या सेक्टरांतल्या घरांत राहत नाहीत. ते राहतात मंगम्मनपाळ्य, सोमसुंदरपाळ्य अशा जुन्या गावठाणांतल्या एकेका खोलीत, नाहीतर बांधकामाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये. भाडे बहुधा रोख आणि करार तोंडी.

अशा कुटुंबाच्या भाड्याला सरकारने हातभार लावायचा ठरवले, तर तो कसा लावता येईल? अमेरिकेत १९७४ च्या गृहनिर्माण कायद्याने एक वाट काढली. आज तिचे रूप असे आहे: कुटुंब आपल्या उत्पन्नाचा साधारण ३० टक्के भाग भाडे म्हणून देते आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंतची उरलेली रक्कम स्थानिक गृहनिर्माण संस्था थेट घरमालकाला देते. घर भाडेकरूनेच शोधायचे असते. या मदतीलाच व्हाउचर म्हणतात. पण पात्र असूनही ते सर्वांना मिळत नाही. सरकारी मदत पात्र कुटुंबांपैकी साधारण चारातल्या एकापर्यंतच पोहोचते, बाकीची प्रतीक्षायादीत राहतात.

आपल्याकडेही हा प्रश्न जुना आहे. मजुराला परवडणारे भाडे आणि खोलीचे खरे भाडे यांतला फरक कोणी सोसायचा, एवढाच तो आहे. त्याचा इतिहास पाहण्यासाठी आपल्याला मुंबईला जावे लागेल, कारण तिथे शंभर वर्षांत या प्रश्नाची बहुतेक सगळी उत्तरे करून पाहिली गेली.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रस्ते काढताना त्याने काही चाळीही बांधल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी भडकली आणि १९१८ साली भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. मग १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. बीडीडी चाळींचे नाव त्याच खात्याचे. बेत ५० हजार खोल्यांचा होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. पैसा उभा करण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. खर्चाच्या हिशेबाने भाडे लावले तर ते गिरणीकामगाराला झेपणारे नव्हते, म्हणून ते कमी ठेवले. म्हणजे फरक कापसाच्या व्यापाराने आणि सरकारी तिजोरीने सोसला.

आणि तरीही कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या! वरळी तेव्हा गिरण्यांपासून आडबाजूला होती आणि भाडे कमी करूनही कामगाराला ते जडच जात होते. १९३० च्या सविनय कायदेभंगात सत्याग्रहींना ठेवायला यांतल्याच चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला. कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांना पहिले मोठे गिऱ्हाईक तुरुंगखाते मिळावे, यावर त्या काळच्या मुंबईकरांनी काय काय विनोद केले असतील, कल्पना करा.

मग कामगार राहत कुठे होते? इथे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. कोकणातून आलेल्या माणसांनी गावकीच्या खोल्या घेतल्या. एका गावची किंवा वाडीची मंडळी मिळून गिरणगावात एक खोली भाड्याने घेत. दिवसपाळीचे कामावर गेले की रात्रपाळीचे त्याच जागेवर अंग टाकत. भाडे सगळ्यांत वाटले जाई. नुकताच आलेला, अजून काम न लागलेला पोरगा चार महिने काही देत नसे. त्याचा वाटा बाकीचे उचलत. जेवण खानावळीत, तेही पगार होईपर्यंत उधारीवर. सरकारच्या कोणत्याही योजनेआधीची ही भाड्याची मदत होती आणि तिला ना अर्ज लागत होता ना दाखला. अर्थात ती आपल्याच गावच्या, बहुधा आपल्याच जातीच्या माणसांपुरती होती, हेही विसरू नका.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने तो फरक घरमालकाच्या गळ्यात घातला. १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर भाडी गोठवली गेली. फाळणी आणि टंचाईच्या त्या दिवसांत हे गरजेचे होते, पण पुढची पन्नास वर्षे ते तसेच चालले. मालकाने डागडुजी सोडली, पागडीचा काळा व्यवहार वाढला आणि इमारती खचू लागल्या. शेवटी दुरुस्तीसाठी सरकारला १९६९ मध्ये वेगळे मंडळ काढून उपकर लावावा लागला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. माझ्या मते या कायद्याचा खरा दोष मालकावरच्या अन्यायापुरता नव्हता. मदत भाडेकरूच्या गरजेला न मिळता जागेला मिळाली. १९४० चे भाडे गरीब विधवेलाही होते आणि मलबार हिलवरच्या श्रीमंतालाही.

१९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले आणि भाड्याची मदत पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर रोख रकमेत आली. इमारत होईपर्यंत विकासकाने पात्र कुटुंबाला दरमहा भाडे द्यायचे. तो ते विक्रीच्या सदनिकांतून वसूल करतो. व्हाउचरच्या सर्वांत जवळचा आपला प्रकार हाच. पण भाडे थांबले की? गोरेगावच्या पत्राचाळीचा पुनर्विकास म्हाडाच्या जागेवरचा होता, तरी तिथली व्यवस्था अशीच होती. २००८ च्या करारानंतर ६७२ कुटुंबांनी घरे सोडली. काही वर्षांनी विकासकाकडून भाडे येणे बंद झाले आणि २०१८ मध्ये म्हाडाने करार रद्द केला. भाडे पदरचे आणि घराचा पत्ता नाही, अशी त्या कुटुंबांची स्थिती झाली. प्राधिकरणाने आपल्या योजनांसाठी आता विकासकाकडून दोन वर्षांचे भाडे आगाऊ भरून घेण्याचा नियम केला आहे. वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात हा बोजा म्हाडाने स्वतः घेतला: संक्रमण शिबिरात घर, नाहीतर दरमहा २५ हजार रुपये. ज्या खोल्यांचे भाडे कापसाच्या गाठींनी हलके केले होते, त्याच खोल्यांच्या रहिवाशांना शंभर वर्षांनी सरकार भाड्याची रोकड देत आहे.

खुद्द व्हाउचरची कल्पना केंद्राच्या २०१५ च्या भाडे-गृहनिर्माण धोरणाच्या मसुद्यात होती. अमेरिकेसारखी देशव्यापी योजना मात्र त्यातून उभी राहिली नाही. टाळेबंदीत, २९ मार्च २०२० रोजी दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले की ज्यांना भाडे देणे शक्य नाही त्यांचे भाडे सरकार देईल. काही भाडेकरू न्यायालयात गेले. जुलै २०२१ मध्ये एकल न्यायाधीशांनी हे आश्वासन पाळण्याजोगे ठरवले आणि सरकारला सहा आठवड्यांत निर्णय घ्यायला सांगितले. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने त्याला स्थगिती दिली.

आता पुन्हा मंगम्मनपाळ्यला या. कर्नाटकचा १९९९ चा भाडे कायदा बंगळुरूत दरमहा ३,५०० रुपयांपेक्षा जास्त प्रमाण भाडे असलेल्या घरांना लागू नाही, म्हणजे एका खोलीचे भाडेही सहज त्याच्या बाहेर जाते. २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरार कायद्यात लेखी करार आणि जास्तीत जास्त दोन महिन्यांची अनामत आहे, पण तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. समजा, उद्या व्हाउचर आले. त्यावर मालकाचे नाव हवे, खोलीचा पत्ता हवा, भाड्याचा आकडा हवा. मालकाला तो आकडा कराच्या भीतीने कागदावर नको असतो. भाडेकरू बाईकडे पावती नसते आणि शिधापत्रिका बहुतेक वेळा कलबुर्गी किंवा रायचूरकडच्या गावची असते. तोपर्यंत तिचा भाऊ, वहिनी आणि गावचे दोन तरुण याच खोलीत राहून भाड्याचे वाटे करतात, गिरणगावातल्या गावकीच्या खोलीत करत तसेच.