कावसजीचे नाक

साताऱ्या-सांगलीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही केस रोवून देणाऱ्या आणि नाकाची ठेवण बदलून देणाऱ्या दवाखान्यांच्या पाट्यांचे आता कोणास नवल वाटत नाही; परंतु ही विद्या समूळ विलायतेहून आली, असा जो समज सुशिक्षितांतही रूढ आहे, तो इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही, आणि त्याचे निरसन करावयाचे तर टिपूवरील स्वारीपर्यंत मागे जावे लागते.

त्या मोहिमेत तासगावकर परशुरामभाऊ पटवर्धन मुंबईकर इंग्रजांच्या कॅप्टन लिटलसह धारवाडास मोर्चे लावून बसले होते आणि 1791 च्या एप्रिलात ते ठाणे हस्तगत झाले. याच युद्धात इंग्रजी फौजेकडे बैल हाकण्याच्या चाकरीस असलेला कावसजी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला आणि तशाच स्थितीत तो श्रीरंगपट्टणानजीक मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला. नाव पारशी वळणाचे असले तरी त्याच्या पुढे काढलेल्या चित्राखालील मजकुरात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. कंपनी सरकारने त्याला पेन्शन बांधून दिले. नाक मात्र कंपनीच्या वैद्यांपाशी नव्हते.

ते बसविले पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीच्या एका कारागिराने. थॉमस क्रूसो प्रभृती इंग्रज डॉक्टरांनी पाहिलेली ही क्रिया अशी : मेणाचे पातळ पान नाकाच्या खुंटावर बेतून, मग तेच कपाळावर सपाट पसरून त्याभोवती रेघ ओढावयाची, त्या रेघेबरहुकूम कातडी सोडवावयाची, पण दोन भुवयांमधली चिंचोळी पट्टी अखंड ठेवावयाची, कारण नवा सांधा जुळेपर्यंत रक्ताचा पुरवठा तिच्यातूनच व्हावयाचा, मग ती कातडी पिळा देऊन खाली उतरवून, खुंटाची कड खरवडून, तीत बसवावयाची. वर पाण्यात कालवलेल्या काथाच्या पाच-सहा पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेली फडकी. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी छेदून टाकावयाची. टाका एकही नाही. सुश्रुताने यासाठी गालाची कातडी सांगितली आहे, येथे कपाळाची घेतली. म्हणजे ग्रंथ बाजूस राहून हस्तपरंपरेने ही विद्या आपल्या वाटेने पुढे गेली होती, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

चित्रकार जेम्स वेल्स याने 1794 च्या जानेवारीत कावसजीचे चित्र काढले, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हा वृत्तांत छापून आला, आणि त्यावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने 1814 साली लंडनात तीच क्रिया करून 1816 साली तीवर ग्रंथ लिहिला. युरोपातील अर्वाचीन नासासंधानाचा आरंभ तो हा.

पुढे हे शास्त्र इस्पितळाच्या मार्गाने परत आले. मिरजेस डॉ. वानलेस यांचे मिशन इस्पितळ 1894 साली उघडले. महारोगाने नाक बसलेल्या आणि बोटे आखडलेल्या रुग्णांकरिता पुढे वेल्लोरास पॉल ब्रँड यांनी व मुंबई-पुण्यास नोशिर अंतिया यांनी जे केले, त्याने या शस्त्रक्रियेला पुन्हा तिचे मूळ प्रयोजन लाभले. छिन्न झालेल्या मनुष्याला चारचौघांत बसता यावे, हे ते प्रयोजन होय. आज हप्त्यांनी पैसे भरून निर्दोष नाकही बदलून घेता येते. त्यास माझा विरोध नाही, परंतु ज्या ओठ दुभंगलेल्या वा भाजलेल्या मुलाचे आईबाप खर्चाच्या धास्तीने इस्पितळाची पायरी चढत नाहीत, त्याच्यापर्यंत ही विद्या पोचली नाही तर तिला सुलभ म्हणणे धाडसाचे ठरेल.

डॉक्टर, चित्रकार, नियतकालिक, इतकेच काय रोगीही, सर्वांची नावे नमूद आहेत. त्या कारागिराचे तेवढे नाही. ज्यांच्या घरी पटवर्धनी अंमलातील किंवा पुणे प्रांतातील जमाखर्चाचे रुमाल अद्याप बांधलेले असतील, त्यांनी ते वाळवीने फस्त करण्यापूर्वी एकदा सोडून पाहावेत, आणि नाक बसविल्याच्या मेहनतान्याची एखादी बाब आढळल्यास ती अभ्यासकांच्या नजरेस आणावी.