पहांटेची शाळा

पंडिता रमाबाईंचा जन्म इ. स. १८५८ सालीं गंगामूळच्या अरण्यांतील आश्रमांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकमताची पर्वा न करतां पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविलें होतें. मुलगी ६ महिन्यांची झाली तोंच कुटुंब तीर्थाटनास निघालें. वेताच्या पेटींत घालून तिला डोंगराखालीं आणलें.

पुढें शास्त्रीबोवा वृद्ध झाले, आणि अध्यापन आईकडे आलें. दिवसभर घरकाम व प्रवास. सवड सांपडे ती पहांटेचीच. झोंपेनें पेंगणाऱ्या ८ वर्षांच्या मुलीला लक्ष्मीबाई गोंजारून उठवीत, आणि पांखरांच्या किलबिलाटांत पाठ सुरू होई. पोथी हातीं नसे. आईच्या मुखांतून निघेल तें मुलीनें म्हणावयाचें. बाराव्या वर्षापर्यंत पुराणांतले १८,००० श्लोक मुखोद्गत झाले! इयत्तांच्या मापानें हें मोजणें व्यर्थ. भूगोल तर पायांखालूनच गेला; कानडी, हिंदुस्थानी या भाषा वाटेवर कानीं पडल्या.

या विद्येनें पोट मात्र भरलें नाहीं. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईबाप उपासमारीनें गेले. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८७ सालचें आपलें इंग्रजी पुस्तक त्यांनीं अर्पण केलें तें आईला.