उरलेल्या दोन प्लेट

१० एप्रिल १९२७. कॅलिफोर्नियाच्या योसेमिटी खोऱ्यात अजून बर्फ होते. पंचविशीतले अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स मित्रांसह आणि होणारी पत्नी व्हर्जिनियासह एका घळीतून ‘डायव्हिंग बोर्ड’ या उंच कड्याकडे चढत होते. पाठीवर लाकडी कॅमेरा, तिपाई, फिल्टर आणि काचेच्या १२ प्लेट. समोर उभा राहणार होता हाफ डोमचा सुमारे २००० फुटी सरळसोट कडा.

अ‍ॅडम्स यांना व्हायचे होते पियानोवादक. १९१६ साली, चौदाव्या वर्षी, ते साधा बॉक्स कॅमेरा घेऊन योसेमिटीत प्रथम आले आणि दरवर्षी येत राहिले.

मोठ्या कॅमेऱ्याची शिकवणी कठोर असते. दृश्य मागच्या धूसर काचेवर उलटे उमटते. डोक्यावर काळे कापड ओढून ते निरखायचे, स्पष्ट करायचे आणि मग तिथे प्लेट बसवायची. त्या क्षणी दृश्य दिसेनासे होते. चूक कळते ती डार्करूममध्ये, तीही डोंगर उतरून आल्यावर.

कड्यावर पोहोचेपर्यंत दोनच प्लेट शिल्लक होत्या. दुपारी ऊन कड्यावर सरकेपर्यंत अ‍ॅडम्स थांबले. पहिली प्लेट पिवळा फिल्टर लावून घेतली. लगेच त्यांच्या ध्यानात आले, की चित्र बिनचूक येईल. पण कड्यापुढे मनात दाटलेला दरारा त्यात नसेल.

शेवटच्या प्लेटसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर चढवला. लाल काच आकाशाचा निळा प्रकाश अडवते, त्यामुळे आकाश जवळजवळ काळे उमटते. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक प्लेटना लाल रंग दिसतच नसे, म्हणून ही युक्ती तेव्हा सहसा अशक्य होती. अ‍ॅडम्स यांच्या प्लेट सर्व रंग टिपणाऱ्या होत्या. मात्र या फिल्टरमुळे सोळापट प्रकाश लागणार होता. एक्स्पोजर ५ सेकंद. वाऱ्याने कॅमेरा हलला असता, तर दुसरी संधी नव्हती.

‘मोनोलिथ’ हे ते छायाचित्र. त्याच वर्षी ते अ‍ॅडम्स यांच्या पहिल्या चित्रसंचात आले. गंमत अशी, की ‘छायाचित्रे’ म्हटल्यास संच खपणार नाही या धास्तीने प्रकाशिकेने ‘पार्मेलियन प्रिंट्स’ असे अर्थहीन नाव घडवले!

प्लेट उघडण्याआधीच अंतिम चित्र मनात पाहण्याच्या या रीतीला अ‍ॅडम्स यांनी पुढे मोजमापाची जोड दिली. १९३९-४०च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कलाशाळेत शिकवताना फ्रेड आर्चर यांच्यासह त्यांनी ‘झोन सिस्टिम’ बांधली. गडद काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे टप्पे पाडून, कोणती छटा कुठे उमटवायची हे आधीच ठरवण्याची पद्धत.

ती प्लेट मात्र थोडक्यात वाचली. १९३७ साली योसेमिटीतील त्यांच्या डार्करूमला आग लागून अनेक निगेटिव्ह नष्ट झाल्या. ‘मोनोलिथ’च्या फक्त कडा होरपळल्या.