२५३ वर्षं रजेवर गेलेला देव

क्योतोला येणारा पर्यटक सान्जूसान्गेन्दोमधल्या १००१ कान्नोन मूर्ती बघतो, समोरच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोकावतो आणि कियोमिझूच्या वाटेला लागतो. संग्रहालयाच्या उत्तरेला लागूनच तोयोकुनी देवस्थान आहे. तिकडे फारसं कोणी वळत नाही. मी गेलो तेव्हाही आवारात माझ्याशिवाय दोन आजीबाई आणि झाडणारा एक माणूस, एवढीच मंडळी होती.

इथला देव म्हणजे तोयोतोमी हिदेयोशी. ओवारी प्रांतातल्या एका साध्या घरातला हा पोरगा ओदा नोबुनागाच्या पदरी अगदी खालच्या कामाला लागला. १५८२ मध्ये नोबुनागा मारला गेल्यावर त्याने सूत्रं हातात घेतली आणि १५९० पर्यंत सगळा जपान एका अमलाखाली आणला. गंमत म्हणजे, स्वतः तळातून वर आलेल्या या माणसाने १५८८ मध्ये हुकूम काढून शेतकऱ्यांकडची शस्त्रं जमा केली. आपण चढलो ती शिडी त्याने वर ओढून घेतली म्हणा ना! तुंबा हे त्याच्या निशाणावरचं चिन्ह, म्हणून इथे नवस लिहून टांगायच्या लाकडी पाट्याही तुंब्याच्या आकाराच्या. नोकरीत बढती हवी असेल तर हा देव पावतो म्हणतात.

१५९८ मध्ये हिदेयोशी वारला. पुढच्याच वर्षी सम्राटाच्या दरबाराने त्याला 'तोयोकुनी दाइम्योजिन' हे देवपद दिलं आणि जवळच्या अमिदागामिने डोंगराच्या पायथ्याशी भव्य देऊळ उभं राहिलं. पण सत्ता हळूहळू तोकुगावा इएयासुकडे सरकत होती. हिदेयोशीचा मुलगा हिदेयोरी ओसाकाच्या किल्ल्यात होता. आता त्याच्याशी भांडण काढायला निमित्त हवं. ते दिलं एका घंटेने!

ती घंटा देवळाशेजारच्या होकोजी मठात अजूनही टांगलेली आहे. १६१४ मध्ये हिदेयोरीने ती ओतून घेतली. तिच्यावर 'कोक्का आन्को', म्हणजे देशात शांती नांदो, अशी चार अक्षरं आहेत. त्यातली दोन अक्षरं इएयासुच्या नावातली आणि त्यांच्या मध्ये तिसरंच एक अक्षर. माझ्या नावाचे दोन तुकडे केलेत, हा शाप आहे, असा कांगावा इएयासुच्या गोटाने केला. १६१५ मध्ये ओसाका पडलं, हिदेयोरीने आत्महत्या केली. त्याच वर्षी तोकुगावांनी हिदेयोशीचं देवपद काढून घेतलं आणि देऊळ पडायला सोडून दिलं.

१६१६ मध्ये इएयासु वारला आणि त्याला देव करायची वेळ आली. कुठलं पद द्यायचं यावर वाद झाला. तेन्काइ नावाच्या भिक्षूने 'दाइम्योजिन' नको म्हणून आग्रह धरला. त्या पदाच्या आधीच्या मानकऱ्याचं काय झालं ते सगळ्यांनी नुकतंच पाहिलं होतं! शेवटी 'तोशो दाइगोन्गेन' ठरलं. गोन्गेन म्हणजे बुद्धाने देवरूपात घेतलेला अवतार. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. निक्कोचं सोन्याने मढवलेलं तोशोगू देवस्थान ते याचंच.

१८६८ मध्ये तोकुगावांची सत्ता गेली आणि नव्या मेइजी सरकारने लगेच हिदेयोशीला पुन्हा देव केलं. मी बघितलं ते देऊळ १८८० चं. तोकुगावांच्या शत्रूला मान देणं हे तेव्हाचं राजकारण होतं, त्यात भक्ती किती हे विचारू नये.

देवळातून बाहेर पडून समोरच्या रस्त्याने थोडं पश्चिमेला गेलं की घरांच्या मध्येच गवताने झाकलेलं एक टेकाड लागतं. वर दगडी स्तूप आहे. नाव मिमिझुका, म्हणजे कानांचं थडगं. खरं तर आत आहेत ती मुख्यतः नाकं. हिदेयोशीने १५९२ आणि १५९७ मध्ये कोरियावर स्वाऱ्या केल्या. तो स्वतः कोरियात कधी गेला नाही. किती माणसं मारली याचा पुरावा म्हणून सैन्याने मुंडक्यांऐवजी नाकं कापून मिठात घालून पाठवली, हजारोंच्या संख्येने. त्यात सैनिकच नव्हते, साधी माणसंही होती. ती १५९७ मध्ये इथे पुरली.

समोरच्या देवाला सत्तेने देव केलं, पदावरून काढलं आणि पुन्हा बसवलं. या टेकाडाला मात्र कोणी हात लावला नाही. हिदेयोशी देव नव्हता त्या २५३ वर्षांतही ते इथेच होतं. क्योतोला आलात तर देऊळ बघाच, पण रस्ता ओलांडून दोन मिनिटं इथेही थांबा.